ठिपका पाण्यात गेला

आमच्या दर्यापूर तालुक्यात समुद्र सोडून समुद्राचं सगळं आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. बोअर मारली की खारं पाणी लागतं, जमीन नजर पोचेल तिथवर सपाट, आणि मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर लाटाही दिसतात. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या सायकल रॅलीत मी नाव नोंदवल्याची बातमी पानठेल्यावर पोचली, तेव्हा जो पहिला प्रश्न आला तो रास्तच होता.

"सर, खारं पाणी पाहाले इतक्या दूर काहून चालले? माया वावरात या नं, दाखवतो."

दुसरा प्रश्न पैशांचा. "किती देतीन थे लोकं तुमाले?" मी म्हटलं, ते देत नाहीत, आपणच भरायचे असतात. पन्नीवर खर्रा घोटणारा ठेलेवाल्याचा हात थांबला. ग्रामपंचायतीचा निकाल लागला तेव्हाही हा हात थांबला नव्हता.

"म्हंजे सायकल तुमची, पाय तुमचे, घाम तुमचा, अन् वरून पैसेही तुमचेच?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आमच्याकडे सायकल ही सोडायची वस्तू आहे. माणसाची परिस्थिती सुधारली की तो आधी सायकल सोडतो, मग बाकीच्या सुधारणा करतो. शाळेतल्या मुलींना ती सरकारी योजनेतून मिळते, आणि चक्कीवर दळण नेणाऱ्या एकदोन म्हाताऱ्यांना ती सोडवत नाही. बाकी गाव फटफटीवर. अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतला पगारी मास्तर रोज पहाटे सायकलवर दिसू लागला म्हणजे एक तर सोसायटीचं कर्ज थकलं, नाहीतर शुगर निघाली. कर्जाची चौकशी बायकोकडे झाली, शुगरची थेट माझ्याकडे. कोणी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, कोणी कारल्याचा रस. मला शुगर नाही असं सांगून पाहिलं. "सुरुवातीले समदे असंच म्हणते," असं उत्तर आलं.

सायकलची तपासणी निंबाखाली झाली. निंब लागणारच होता, कारण तिला स्टँड नाही, टेकवायला काहीतरी पाहिजे. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, घंटी नाही. मोठे काकाजी तिच्याभोवती फिरले, दोन बोटांवर उचलून पाहिली आणि म्हणाले, "तुले फसवलं गा. अर्धं सामान दुकानातच राह्यलं." किंमत मी निम्मी सांगितली होती, तरी 'एवढ्यात चांगला गोऱ्हा आला असता' असा ठराव एकमताने मंजूर झाला. पुरी सांगितली असती तर बैलजोडीपर्यंत गेलं असतं प्रकरण. शकुंतला रेल्वे चालू होती त्या काळात आपण दळणाचं पोतं घेऊन सायकलवर तिच्या पुढे निघत होतो, हेही काकाजींनी ऐकवलं. त्यात अतिशयोक्ती नसावी. मूर्तिजापूर ते अचलपूर ही आमची नॅरोगेज गाडी अशा बेताने चालायची की मधल्या स्टेशनावर उतरून चहा पिऊन परत चढलेले लोक अजून हयात आहेत.

पंक्चरवाल्याने मात्र हातच टेकले. टायर बोटभर रुंद, आणि आमच्या पांधणीत बाभळीचे काटे आणि सराटे मुबलक. पंक्चर होणार हे उघड होतं, झालंही. पण या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक. टोकाची चिमुकली फिरकी सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, आणि आपल्याकडच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. त्याला वेगळं पितळी टोपण लावावं लागतं. ते माझ्याकडे होतं, घरी. तेवढ्या वेळात त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की सरांच्या सायकलीत हवा भरायला कंपनीनं भोकच ठेवलं नाही.

चड्डीविषयी थोडक्यात सांगतो. रॅलीच्या चड्डीला बुडाशी जाड गादी असते. ती वाळत घातलेली पाहून शेजारच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "सर रात्री उठत नाहीत का वं?" त्यानंतर चड्डी घरात, पंख्याखाली वाळू लागली.

सराव पहाटे चारला. आमच्या गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्तीची पाटी आहे. पाटी ओलांडली की माझ्या हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं टमरेल घेऊन उभी राहत. एवढा मान मला शाळेत कधी मिळाला नाही. एकदोघांनी अंधारातून "नमस्कार सर" असंही म्हटलं. मी त्यांच्याकडे न पाहता नमस्कार घेत गेलो.

पण सपाटीवर कितीही चालवा, कोकणासाठी चढ पाहिजे, आणि आमच्या तालुक्यातला सगळ्यात उंच चढ म्हणजे शाळेची पायरी. म्हणून रविवारी परतवाडा गाठायचं आणि धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट चढायचा. विदर्भाचं हे एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. समुद्रसपाटी हा शब्द मी भूगोलात वर्षानुवर्षे शिकवला, त्याचा हिशेब पोटऱ्यांना तिथे लागला. तरी त्या घाटात एक सभ्यता आहे. तो एकदाच चढतो. वर गेलात की कॉफी मिळते, तिथलीच पिकलेली, आणि उतरताना पायडल मारावं लागत नाही. घाट म्हणजे हाच, अशी माझी समजूत झाली.

जायची वेळ आली ती ऐन जानेवारीत, कापसाचा शेवटचा वेचा आणि हरभरा घाट्यावर असताना. आजीचं म्हणणं होतं, एवढे पाय दुखवायचेच तर शेगावची पायी वारी कर, महाराजांचं दर्शन तरी होईल. बायकोने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी बांधून दिली. चाकं काढून सायकल पिशवीत भरली आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीपाशी गेलो, तर क्लीनर म्हणाला, "आत काय हाय?"

"सायकल."

"मंग चालवत काहून नाही जात?"

निघण्याआधी बायकोची एकच अट होती, लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं. व्हॉट्सअॅपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, संपलं की पुन्हा टाकायचं. अट साधी वाटली. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. भाच्याने ते बघून गावच्या ग्रुपवर टाकायला लावलं, आणि तिथून ते पानठेल्यावर, एका मोठ्या स्क्रीनच्या मोबाइलमध्ये, सुपारीच्या डब्याला टेकवून कायमचं स्थापन झालं.

मांडव्याच्या जेट्टीवरून उजाडता निघालो. पुण्या-मुंबईची मंडळी, सडपातळ, कोणी कुठल्या भाषेत बोलतंय कळेना. वॅट, कॅडन्स, हार्ट रेट झोन. एकाने विचारलं, कुठून आलात? म्हटलं, दर्यापूर. "अच्छा, नागपूर!" नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर आहे, पण घाटाखालच्या माणसाला विदर्भात एकच गाव असतं. दुसरा म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही पंचेचाळीस डिग्रीवाले, हे ऊन तुमच्यासाठी काहीच नाही." मलाही तसंच वाटत होतं, साधारण रेवदंड्यापर्यंत.

बाष्पीभवन मी पोरांना शिकवतो. शरीर थंड होतं ते घाम निघाल्यानं नव्हे, तो हवेत उडून गेल्यानं. आमच्याकडे वैशाखात शर्ट अंगावरच वाळतो आणि पाठीवर मिठाचा नकाशा उरतो. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने तुडुंब भरलेली, ती माझा घाम घ्यायला तयारच नव्हती. तिशीच्या घरातल्या तापमानात मी जेवढा उकडलो तेवढा दर्यापूरच्या मेमध्ये उकडलो नव्हतो. कुंडलिकेचा पूल ओलांडताना बुटातून पाण्याचा आवाज येत होता, आणि ते पाणी खाडीचं नव्हतं.

एवढ्यात फोन. "सर, दहा मिंटापासून एकाच जागी हाव तुमी. काय झालं?"

"लघवीला थांबलो होतो."

"दहा मिंट?" मागून कोणीतरी म्हणालं, "शुगर."

काशीदला फोन, "समुद्र आला नं? चाखून पाहा, आपल्या बोअरपेक्षा खारं हाय का?" मुरूडला जंजिरा दिसला. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना जिंकता आला नाही, हे मी चौथीच्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल. प्रत्यक्ष पाहिला आणि वाटलं, आपण घटकाभर थांबून नीट पाहावं. थांबलो. लगेच फोन.

आगरदांड्याला रस्ता संपतो. पुढे राजपुरीची खाडी, आणि पलीकडे दिघी. रॅलीतले सगळे आपापल्या सायकली घेऊन जंगारवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर चढले, मीही चढलो. जंगारवर ट्रक होते, मोटारी होत्या, एक मिनीबस होती. कठड्याला सायकल टेकवली, भाकरी-ठेचा काढला, वारा लागला. अख्ख्या रॅलीत मी सुखी होतो असा काळ तेवढाच. मोबाइलची रेंज गेलेली माझ्या लक्षातही आलं नाही.

गावात काय झालं ते मला नंतर कळलं, प्रत्येकाकडून वेगळं. ठेलेवाल्याने म्हणे आधी डोळे चोळले. मग ओरडला, "सर पाण्यात गेले!" मोबाइलच्या नकाशावरचा माझा ठिपका रस्त्याच्या टोकावरून निळ्यात शिरला होता आणि मधोमध येऊन थांबला होता. हलेना. मोठे काकाजी म्हणाले, "ब्रेक होते का त्या सायकलले?" कोणीतरी विचारलं, सरांना पोहता येतं का? खारपाणपट्ट्यातला माणूस पोहायला शिकणार कुठे, असं त्यावर सगळ्यांना एकदम आठवलं. सरपंचांनी कोतवालाला पाठवलं, त्याला आमच्या घरी जाऊन सांगायचं धैर्य होईना म्हणून तो निंबाखालीच बसून राहिला. मुख्याध्यापकांचा जीव हळहळला, आणि लगोलग त्यांनी विचारलं म्हणे की पोषण आहाराच्या खोलीची किल्ली सरांकडे तर नाही राहिली?

किल्ली माझ्याकडेच होती. पण तो मुद्दा वेगळा.

आजीने एकटीने शांत राहून सांगितलं, "मी म्हटलं नव्हतं, शेगावले जा म्हणून?"

दिघीला उतरलो, रेंज आली आणि मोबाइल खिशात थरथरू लागला तो थांबेचना. पहिला फोन उचलला तो ठेलेवाल्याचा. मी म्हटलं, "अरे बाप्पा, डोंग्यातून आलो. खूप मोठा डोंगा असतो, ट्रक चढतो त्यावर." पलीकडे शांतता. मग हळूहळू कुजबुज. मग ठेलेवाला सगळ्यांच्या वतीने बोलला.

"सर, मंग हे तं चीटिंग झालं. तुमी सायकलनं जाऊन राह्यले का डोंग्यानं?"

तिथून पुढे माझी बाजू कोणी ऐकून घेतली नाही. सुपारीच्या खोक्यावर हिशेब लिहायला सुरुवात झाली. डोंग्याचे किलोमीटर एकूणातून वजा.

आणि इकडे चढ सुरू झाले. चिखलदऱ्याची सभ्यता कोकणात नाही. सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत आलेल्या, दोन सोंडांच्या मध्ये खाडी. रस्ता सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, खाडीला भेटायला खाली धावतो, भेट झाली की पलीकडे पुन्हा सड्यावर जातो, आणि थोडं पुढे गेलं की दुसरी खाडी. उताराचा आनंद घ्यावा तर समोर त्याच मापाचा चढ दिसत असतो. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही नावं सहलीच्या पत्रकात किती गोड वाटतात. एका चढावर मी उतरून सायकल ढकलू लागलो. फोन आला. "सर, ठिपका लय हळू चालून राह्यला. बैल थकला का?" वळणावर बसलेल्या एका आजींना विचारलं, चढ अजून किती? म्हणाल्या, "आता कुठला चढ, संपलाच." कोकणात हे वाक्य प्रत्येक चढाच्या पायथ्याशी कोणी ना कोणी बोलतं. कोकम सरबत मात्र त्यांनी न मागता दिलं.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी, म्हणजे पुन्हा जंगार. खोक्यावर दुसरी नोंद. केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळला वाशिष्ठीची खाडी, तिसरी नोंद. मी समजावून पाहिलं की इथे रस्त्याने जायचं तर चिपळूणपर्यंत आत शिरून वळसा घ्यावा लागतो. "मंग घ्या नं," ठेल्यावरून उत्तर आलं. "सायकल चालवाचेच तं पैसे भरले तुमी."

ठेचा दापोलीतच संपला होता. मिसळीवर तर्री मागितली तर त्या हॉटेलवाल्याने मला खोबऱ्याची वाटी दाखवली. गुहागरला पोचलो तेव्हा रॅलीची कमान उतरवायला घेतली होती, पण मेडल मिळालं. मेडलचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली पहिली प्रतिक्रिया आली, "अर्ध मेडल डोंगेवाल्याले द्या."

26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सरपंचांनी शाल आणि नारळ दिला. भाषणात म्हणाले, आपल्या गावच्या सरांनी समुद्रातून सायकल चालवली. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी किल्ली मागितली. कार्यक्रम संपल्यावर ठेलेवाला आणि त्याची अख्खी समिती मला निंबाखाली घेऊन गेली. खोकं सोबत होतंच. हिशेब त्यांनी पुन्हा एकदा वाचून दाखवला, मग ठेलेवाल्याने घसा साफ केला.

"सर, पुढच्या साली आमीही येतो."

मला भरून आलं. म्हटलं, "सायकली घ्याव्या लागतील. सराव करावा लागेल."

"सायकल तुमी चालवा," तो म्हणाला. "आमी डोंग्यात बसतो."