बिल वाढण्याचं एक कारण न्यूट्रल
स्मार्ट मीटरला (रीडिंग आपोआप वीज कंपनीला पाठवणाऱ्या मीटरला) होणाऱ्या विरोधाच्या बातमीत लोक म्हणतात, तो बसला की बिल फुगतं. मीटर ‘पळतो’ म्हणण्याआधी वायरिंग तपासा. हे मीटर फेज (करंट घरात आणणारी तार) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) दोन्हींचा करंट मोजतात. फरक दिसला तर जास्त असलेला धरतात. जुन्या चाळींत कधी कधी दोन घरांचा न्यूट्रल एकत्र असतो, तिथे शेजाऱ्याचा भारही तुमच्या नावावर पडू शकतो. मीटरनंतरचा मेन स्विच बंद करा. मीटरवरचा पल्सचा दिवा (वीज मोजली जात असताना लुकलुकणारा) तरीही लुकलुकला तर आधी वायरमन बोलवा. न्यूट्रल वेगळे केल्याशिवाय नुसता मीटर बदलून काही होत नाही. विरोध करा, पण जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो मीटरच्या क्रमांकासह घ्याच; पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.