वाढ की मनाची समजूत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'लक्षात न येणारी वाढ' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीन-चारदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पगार, पदवी, हातातलं कसब या मोजता येणाऱ्या गोष्टी, ती खरी वाढ. 'मी आता शांत झाले, समंजस झाले' ही माणसानं स्वतःची काढलेली समजूत. शिवाय रोज रात्री वही घेऊन बसायचा सल्ला हा वेळ असणाऱ्यांसाठी आहे, दिवसभर राबणाऱ्यांसाठी नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, 'दहा वर्षांत माझ्यात काही बदललेलं नाही आणि आता बदलणारही नाही.' खरं सांगायचं तर या शेवटच्या ओळीमुळेच इतकं सविस्तर उत्तर लिहायला बसले.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते लेखात यायला हवं होतं. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अभ्यासाचं कौशल्य सुधारण्याच्या वर्गासाठी नाव दिलेल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी आधीच लिहून घेतलं, की तुमचं आत्ताचं कौशल्य तुम्हाला कसं वाटतं. वर्ग संपल्यावर विचारलं, तेव्हा काय लिहिलं होतं ते आठवतं का? वर्ग केलेल्यांना आपली आधीची अवस्था, त्यांनी स्वतःच लिहिली होती त्याहून वाईट आठवली. जे नुसते प्रतीक्षा यादीत होते त्यांच्या आठवणीत असा फरक पडला नाही. आणि परीक्षेच्या गुणांत वर्गाचा फायदा काही दिसला नाही. आज उंच वाटावं म्हणून मनानं कालची उंची कमी करून टाकली! तुम्ही ज्याला समजूत म्हणता ती हीच.

पण ही लबाडी पकडली गेली कशामुळे? आधी लिहून ठेवलेल्या कागदामुळे. म्हणून मी लिहून ठेवण्याबद्दल इतकी आग्रही आहे. आपल्या वाढीच्या बाबतीत आपली आठवण हा फितूर साक्षीदार असतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, लेखात तो सांगायचं टाळलं होतं. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतर तिला शब्द सापडेनासे झाले. कळायचं सगळं. 'खिडकी' म्हणायचं असलं की हात खिडकीकडे जायचा, ओठ हलायचे, शब्द मात्र यायचा नाही. मग तो मीच म्हणून टाकायची. मदत म्हणूनच. तिच्या स्पीच थेरपिस्टनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, 'मनात दहापर्यंत मोजा, मग बोला.' ते दहा आकडे मला एका तपासारखे वाटायचे.

औषधांच्या वेळा लिहिलेला कागद कपाटाला चिकटवलेला होता. त्याच्या कडेला मी रोज एक आकडा लिहू लागले: आज आईचं वाक्य मी किती वेळा तोडलं. पहिल्या दिवशी ११. पुढे ८, ९, ७ आणि मग एकदम १२. आदल्या रात्री मला अजिबात झोप नव्हती. चार महिन्यांनी आकडे दोन-तीनवर आले होते. याच काळात एका दुपारी आई आपणहून बोलायला लागली. शाळेतल्या एका मैत्रिणीबद्दल, अडखळत, थांबत, पाऊण तास. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की कित्येक आठवडे तिनं माझ्याशी आपणहून बोलणं काढलंच नव्हतं. मी ते आजारावर ढकललं होतं. तिच्या गप्प बसण्यातला काही वाटा माझा होता.

पगारवाढीच्या शेजारी हे कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी याला वाढ म्हणते, कारण ती दुसऱ्या माणसाच्या वागण्यात उतरली. आपण शांत झालो का, हे स्वतःला विचारून फारसं हाती लागत नाही. घरातलं माणूस वाईट बातमी आपल्याला सांगायला किती दिवस घेतं, ते बघावं. हाताखालचा माणूस चूक लगेच कबूल करतो की लपवतो, ते बघावं. ही मापं पगाराच्या आकड्याइतकी नेमकी नाहीत, मान्य. पण ती आपल्या हातात नसतात, म्हणून मला जास्त विश्वासाची वाटतात.

आता तुमची ती शेवटची ओळ. २०१३ साली जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांचं एक संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात आलं. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांची त्यात पाहणी होती. काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत किती बदललात. काहींना, येत्या दहा वर्षांत किती बदलाल. प्रत्येक वयात मागचा बदल मोठा सांगितला गेला आणि पुढचा लहान. विशीतल्यांनाही वाटतं आपण आता घडून झालो, आणि पन्नाशीतल्यांनाही. मागचा बदल सांगताना आठवणच वापरली जाते, तेव्हा वरचा इशारा इथेही लागू. तरीही 'आता बदलणार नाही' या भावनेला पुरावा मानू नये, एवढं तरी यातून मी घेते.

मागच्या दहा वर्षांबद्दल माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तुमच्याही नको. तेव्हाचं तुमच्या हातचं काहीतरी शोधा. पत्र, जुना ईमेल, भांडणातला एखादा लांबलचक मेसेज. त्यात तेव्हा कशानं झोप उडाली होती ते पाहा, आणि तीच गोष्ट आज घडली तर मनात किती वेळ राहील, याचा विचार करा.

वेळेबद्दलचा तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. आईच्या आजारपणात मलाही वही उघडणं जमलं नव्हतं. जमला तो कागद, कारण औषध देताना तो समोरच यायचा. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं, पण युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा ८४ दिवस मागोवा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली छोटी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. १२ आकडा लिहिलेल्या रात्री मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

'रोज रात्री पंधरा मिनिटं' हे वाक्य मी आज लेखातून काढलं आहे. त्या जागी कपाटावरच्या कागदाची गोष्ट आणि कॉनवे-रॉस यांचा प्रयोग घातला आहे. जुनं पत्र सापडलं तर काय वाचलंत ते कळवा. काहीच बदललेलं नाही असं दिसलं, तरी कळवा.