लिव्हर मशीनला प्रेशर गेज कशाला? एका वाचकाला उत्तर

नमस्कार,

माझ्या ला पावोनी ‘युरोपिकोला’ या लिव्हर मशीनला, म्हणजे हाताने दांडा दाबून एस्प्रेसो काढायच्या यंत्राला, मी दोन प्रेशर गेज (दाबमापक) बसवले, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी कॉफी करताना पुन्हा वाचली. तुमचे आक्षेप तीन. लिव्हर मशीन हाताच्या अंदाजाने चालवायचं असतं, त्याला मीटर लावलं की त्यातला जीवच जातो. तुमच्या मशीनच्या बॉयलरवरचा काटा रोज सकाळी 0.8 बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दाखवतो आणि तरी पहिला कप आंबट येतो, म्हणजे काट्यावर विसंबण्यात अर्थ नाही. आणि जुन्या युरोपिकोलाला भोकं पाडून मी तिची नासधूस केली.

भोकांचं आधी सांगतो, कारण ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. मी कुठेही ड्रिल लावलेलं नाही. बॉयलरचा गेज पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या वरच्या नटाच्या जागी बसतो. ला पावोनीच्याच ‘प्रोफेशनल’ मॉडेलला तो तिथेच दिलेला असतो. कॉफीवरचा दाब दाखवणारा दुसरा गेज पोकळ पिस्टन-दांड्याच्या माथ्यावर आहे. मूळ नट, पिस्टन-दांडा आणि पिस्टन मी डब्यात जपून ठेवलेत. मशीन हवं तेव्हा होतं तसं करता येईल. सेफ्टी व्हॉल्व्हला मी हात लावलेला नाही, कुणीही लावू नये. गेज फक्त दाब दाखवतो, वाढलेला दाब सोडणं त्याचं काम नाही.

आता तुमचा आंबट कप. तुमचा काटा बहुतेक बरोबरच दाखवतोय, फक्त तो कशाचा दाब आहे हे बघायला हवं. थंड मशीन सुरू करतो तेव्हा बॉयलरमध्ये पाण्याच्या वर हवा कोंडलेली असते. पाणी तापतं तशी तीही तापते आणि दाब वाढवते. गेजला हवा आणि वाफ यांतला फरक कळत नाही. निव्वळ वाफेचा 0.8 बार असेल तर आतलं पाणी साधारण 117 अंशांवर असतं. हवा कोंडलेली असेल तर तोच 0.8 पाणी जेमतेम नव्वदच्या आसपास असतानाच दिसतो. प्रेशरस्टॅट, म्हणजे ठरलेल्या दाबाला चालणारा स्विच, हीटर बंद करतो, दिवा विझतो आणि आपण कप लावतो. उद्या दिवा विझला की वाफेची नळी उघडून बघा. आधी हवा फुसफुसत निघेल, चार थेंब उडतील, काटा झरझर खाली येईल आणि हीटर पुन्हा लागेल. सलग, जोरकस वाफ यायला लागली की नळी बंद करा. त्यानंतर चढलेला 0.8 खरा. तेवढ्यात ग्रुपही, म्हणजे जिथून कॉफी उतरते तो मशीनचा धातूचा भागही, थोडा तापतो. तो हाताला कोमट लागत असेल तर अजून थांबा, कारण थंड ग्रुपनेही कप आंबट होतो आणि ते कुठलाच गेज सांगत नाही.

राहिला हात. हाताला दाब कळतो हे मी नाकारत नाही, पण हाताला एकूण जोर कळतो. त्यातला कॉफीवर किती पडला आणि वाटेत किती गेला, हे वेगळं कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या लिव्हरचा दांडा हळूहळू जड होत गेला. मला वाटलं दळण बारीक झालंय. मी ग्राइंडर एक खूण जाड केला, मग अजून एक. दांडा तसाच जड, आणि कॉफी मात्र पाणचट, क्रेमा (वरचा फेस) फिकट आणि पातळ. पंधरा दिवस मी बिचाऱ्या चिकमगळूरच्या बियांना दोष देत होतो. गेज बसवला त्या दिवशी पहिलाच दांडा दाबला, खांदा भरून आला आणि काटा 4 वर! पिस्टन बाहेर काढला तर दोन्ही रबरी सील कोरडी ठक्क, वरच्याच्या कडेला बारीक चीर. सील बदलली, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळलं, दळण परत बारीक केलं. आता निम्म्या जोरात काटा 8 ला जातो. शिवाय या मशीनमध्ये दांड्याचा कोन बदलतो तशी तरफ बदलते, त्यामुळे वर आणि खाली सारखाच जोर लावला तरी दाब सारखा राहत नाही. हे मला काट्यावर नजर ठेवून दाबताना समजलं आणि त्यानंतर माझा हात सुधारला. आता बऱ्याचदा काट्याकडे न बघताच दाबतो.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटलं. ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत 9 बार धरा’ असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. ते चूक होतं. 1940च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या आकिले गाज्जियाचं स्प्रिंगचं लिव्हर मशीन आलं, तेव्हापासूनच लिव्हरचा दाब उतरता आहे, कारण स्प्रिंग सैल होत जाते तसा तो कमी होतो. मी आता दांडा वर करून आठ-दहा सेकंद थांबतो, बॉयलरच्या दाबाने कॉफी भिजू देतो, मग 7-8 पर्यंत नेतो आणि शेवटी 4-5 वर उतरू देतो. 14 ग्रॅम पुडीला साधारण 28 ग्रॅम कॉफी कपात उतरते आणि शेवटचा कडवटपणा पुष्कळ कमी झालाय. लेखातलं ते वाक्य आज बदलतो आणि तुमच्यामुळे बदललं असंही तिथे लिहितो.

उद्या हवा सोडून कप करून बघा आणि कसा झाला ते नक्की कळवा. पिस्टनची सील शेवटची कधी बदलली होतीत, तेही लिहा. दांडा वर नेताना कुरकुरत असेल किंवा ग्रुपच्या वरून पाणी झिरपत असेल, तर आधी तिथेच बघू. तुम्ही पुण्यात असाल तर माझा पिस्टन-दांड्यावरचा गेज आठवडाभर घेऊन जा. तुमच्या मशीनला तो बसतो का, ते आपण आधी मोजून घेऊ.