क्षणभर कुणी हलू नका

आमच्या आठशे जीबीच्या डेटाबेसचा डम्प, म्हणजे बॅकअपसाठीची पूर्ण नक्कल, रात्री एकला सुरू व्हायचा आणि सकाळी लोक कामाला लागले तरी शेवटच्या टेबलांवर धापा टाकत असायचा. म्हणून मी झेडएफएसच्या नादी लागलो. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवणारी व्यवस्था) लिहिलेल्यावर पुन्हा गिरवत नाही. बदललेला ब्लॉक नव्या जागी जातो, जुना होता तिथेच राहतो. त्यामुळे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचा त्या क्षणाचा फोटो, हा ‘जुन्याला हात लावू नका’ एवढाच निरोप. डेटाबेस केवढाही असो, काम एका सेकंदाचं.

एका सेकंदाचं! साहेबांना मी तसं लेखी कळवलं. (लेखी काही कळवू नये, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.)

आता फोटो काढायचा तर मंडळींनी क्षणभर स्वस्थ बसायला हवं. आमचा डेटाबेस चालवणाऱ्या मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ असा, टेबलांवर लिहिणं थांबवणारा हुकूम आहे. पहिल्या रात्री तो सोडला, तेव्हा कुणाची तरी वार्षिक अहवालाची क्वेरी चालू होती. ती संपेपर्यंत लॉक थांबतो. थांबेना का बापडा! पण तो थांबतो तो दारातच. मागून लिहायला आलेले सगळे अडले, त्याच टेबलांवर नुसतं वाचायला आलेलेही अडले, आणि माझा फोन वाजू लागला. बावीस मिनिटं सगळं ठप्प. स्नॅपशॉटला मात्र खरोखरच एक सेकंद लागला. साहेबांना मी तो सेकंद दाखवला. त्यांनी बाकीची बावीस मिनिटं दाखवली.

मग अहवालाची वेळ बदलली आणि स्क्रिप्ट लिहिली: एका ओळीत लॉक, दुसऱ्या ओळीत स्नॅपशॉट, तिसऱ्या ओळीत अनलॉक. तीन महिने ती सुरळीत चालली. इतकी सुरळीत, की मलाच संशय आला. लॉक जगतो तो कनेक्शन उघडं असेपर्यंतच. माझी पहिली ओळ लॉक लावून कनेक्शन बंद करत होती. थोडक्यात, तीन महिने मी धावत्या माणसांचे फोटो काढत होतो.

घाबरत एक जुना स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्रावर चालू केला, तर इनोडीबीला, म्हणजे मायएसक्यूएलमधल्या टेबलं सांभाळणाऱ्या यंत्रणेला, वाटलं वीज गेली होती. तिने आपला लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचून निमूटपणे सगळं सावरून घेतलं. डेटा आणि लॉग एकाच स्नॅपशॉटमध्ये असले की तिला लॉक लागतच नाही. म्हणजे ती बावीस मिनिटं मी असा लॉग नसलेल्या पाच-सहा जुनाट मायआयसॅम टेबलांसाठी सोसली होती. हे साहेबांना तोंडीसुद्धा कळवलं नाही.

पुढे डिस्क भरत आली. दोनशे जीबीच्या जुन्या फाइली पुसल्या, तर मोकळी जागा जवळजवळ होती तेवढीच. पुसलेलं सगळं स्नॅपशॉटांनी धरून ठेवलेलं! स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्रावर पाठवून झालेच होते, म्हणून इथले एकेक उडवत गेलो. शेवटी एक उरला, सगळ्यांत जाडजूड. त्याच्या नावाचा अर्थ होता ‘कृपया काढू नका’. टीममध्ये प्रत्येकाला विचारलं, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. या मूर्खपणाचा धनी शोधायचाच म्हणून झेडएफएसची हिस्टरी काढली. तीत कोणता हुकूम कधी आणि कुणी सोडला, सगळं नोंदलेलं असतं.

नाव माझं होतं.

स्नॅपशॉट अजून तिथेच आहे. काहीतरी विचार करूनच ठेवला असेल मी.