कॉन्टेसा रंगवायला आली की

डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलंय? झकास. मग आज ना उद्या एखादा येडा जुनी कॉन्टेसा घेऊन दारात उभा राहणारच. विलायतेच्या व्हॉक्सहॉलवरनं बेतलेली, लांब नाकाची, हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ला बाजारात आणून २००२ ला बंद केलेली. आपल्याकडची मसल कार म्हणून मिरवणारी. तिचा नवा पत्रा सहज मिळत नाही, त्यामुळं गिऱ्हाईक जाणार कुठं? खुशाल कामाला लागा.

जुना रंग काढत बसू नका. वरूनच पॉलिश पेपर मारा.

आता गंज. चाकाच्या कमानीत, दाराच्या तळाला, डिकीत स्टेपनीखाली पत्रा सडलेला असतो. शहाणा माणूस तेवढा पत्रा कापतो, नवा वेल्डिंग करतो, गंज अडवणारं अस्तर, म्हणजे इपॉक्सी प्रायमर, मारतो. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? भोकात रद्दी कोंबा, वर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, थापा. लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये म्हणतात, तुम्ही बोटभर जाऊ द्या. माझ्या गाडीच्या मागच्या कमानीला चुंबक लावला, तर सरळ खाली पडला. स्क्रू ड्रायव्हर टोचला, मुठीपर्यंत आत. आतनं ओला पेपर निघाला. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्तीची बातमी अजून वाचता येत होती. त्या सगळ्या कामात निकाली काय ती तेवढी कुस्तीच.

बरं, लांबी पाणी पिते. म्हणून ऐन जुलैच्या झडीत पाणी मारून घासा आणि न वाळवता संध्याकाळी प्रायमर मारून मोकळे व्हा. ओल आत कोंडते, पत्रा गंजतो, रंगाला फोड येतात. मग गिऱ्हाईकाचा फोन येईल. उचलू नका.

दाराखालची पाणी जायची भोकं बुजवा, बरी दिसत नाहीत.

गाईड कोट, घासताना खड्डे-उंचवटे दाखवणारा पातळ रंगाचा हात? तो कोण?

रंग फवारायच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी सोडू नका, येऊ दे रंगात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दमट हवेत पांढरट पडला, तर ‘जुन्या गाडीला असाच लूक असतो’ म्हणा.

बास झाली थट्टा. अहो, ८०, १८०, ३२०, ४००, ६०० नंबरचे, खरखरीतपासून बारीकपर्यंत, पॉलिश पेपर ओळीनं लावायचे असतात. रंगाच्या आधीचं घासणं हेच खरं काम, हे आमच्या उद्यमनगरच्या कारखान्यांतल्या, कास्टिंग (ओतीव भाग) घासणाऱ्या पोरालाबी कळतं. मायक्रॉनमध्ये मापं घेणारी माणसं हितं बसल्यात आणि तुम्ही कमानीत रद्दी भरता? जमत नसेल तर नाही म्हणा. ‘पत्रा सडलाय, खर्च वाढेल’ असं तोंडावर सांगा, आम्ही देऊ की! ॲडव्हान्स घेताना ‘साहेब, आरशागत करतो’ आणि फोड दाखवले की ‘पावसानं झालं’. कोल्हापुरात पाऊस काय ह्याच वर्षी पहिल्यांदा पडला?

गाडी परत तुमच्याच दारात आणून लावलीय. कापा तो पत्रा. ह्या खेपेला मी समोर खुर्ची टाकून बसणार आहे.