रेस सोडली, बरं केलं

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की आमच्या रनिंग ग्रुपवर तो व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. १९८४, लॉस एंजेलिस, महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरते तीच वाकडी होऊन. मान एकीकडे, एक हात लोंबतोय, पाय ओढत चाललीय. शेवटच्या फेरीला तिला जवळजवळ पावणेसहा मिनिटं लागली. खाली कॅप्शन ठरलेली, 'हार मानायची नाही!' मग दंडाचे इमोजी आणि कुणाचं तरी 'अंगावर काटा आला'.

काटा मलाही येतो. पण त्या व्हिडिओत दिसणारे डॉक्टर काय बघत होते, हे कुणी सांगत नाही. ते तिच्या बाजूने चालत होते आणि तिला घाम येतोय का, एवढंच बघत होते. घाम दिसला म्हणून त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. दोनेक तासांत ती सावरली. तिची जिद्द मोठीच, वादच नाही. पण तिथे जाणकार माणसं हाताच्या अंतरावर होती. आपल्या बाजूने कोण चालत असतं? केळं सोलून देणारा कॉलेजचा पोरगा.

आता दुसरी रेस सांगते, जिचा व्हिडिओ फिरत नाही. १४ जुलै १९१२, स्टॉकहोम. स्वीडनसारख्या देशात पारा तिशीच्या पार गेलेला आणि मॅरेथॉन भर दुपारी. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, लिस्बनमधला सुतार, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पर्धेत जीव गमावलेला तो पहिला खेळाडू. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेण फासलं होतं असं सांगतात. म्हणजे घामाची वाटच बंद.

त्याच रेसमध्ये जपानचा शिझो कानाकुरी होता. जहाज आणि ट्रेनने अठरा दिवसांचा प्रवास करून आलेला, पायात ताबी, म्हणजे जपानी कापडी जोडे. त्यालाही ऊन लागलं. वाटेत एका घरच्या बागेत मंडळी बसली होती, तो तिथे शिरला, त्यांनी दिलेलं प्यायला आणि रेस तिथेच सोडली. आयोजकांना काही न सांगता मायदेशी परतला, त्यामुळे स्वीडनच्या दफ्तरी कित्येक वर्षं तो 'बेपत्ता' होता! १९६७ मध्ये त्यांनी त्याला बोलावून ती रेस पूर्ण करायला लावली. वेळ लागला ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मधल्या काळात या माणसाने काय केलं ते राहूनच जातं. तो आणखी दोन ऑलिंपिक धावला, आणि १९२० मध्ये हाकोने एकिदेन ही विद्यापीठांची रिले सुरू करण्यात त्याचा मोठा वाटा होता. आजही २ आणि ३ जानेवारीला अख्खा जपान ती टीव्हीसमोर बसून बघतो. जपानमध्ये त्याला मॅरेथॉनचा जनक मानतात. पळ काढलेल्या माणसाला!

हे आज लिहायचं कारण, गेल्या खेपेला मुंबईत फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरची, मी पेडर रोडच्या चढावर सोडली.

ज्यांनी हा रूट केलाय त्यांना सांगायला नको. पहाटे पाचला सीएसएमटीहून निघताना हवा गोड असते, सी लिंकवर वारा असतो, आपण शूर असतो. माझ्यासारखी संथ गडी परतीच्या वाटेवर पेडर रोडला लागते तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात आणि ऊन थेट तोंडावर. जानेवारी असला तरी मुंबईचाच. गालावर मिठाचे पापुद्रे, स्पंजचं पाणी मानेवर पिळलं तरी दोन मिनिटांत कोमट. एका आजींनी संत्र्याची फोड हातात दिली, ती तोंडात घालायचीच विसरून मी तशीच धरून पळत होते. मग ३६ किलोमीटरचा बोर्ड दिसला आणि ४२ मधून ३६ गेले किती, हे मला येईना. खरंच येईना. आणि त्या रणरणत्या उन्हात थंडी वाजल्यासारखा हातावर शहारा आला. मी कडेला झाले. एका पोराने विचारलं, "काकू, बसता का?" म्हटलं, बसते. त्याने बर्फाची पिशवी मानेवर धरली, स्ट्रेचर आणलं, छातीवरचा नंबर, बिब, काढून हातात दिलं. संपलं.

खरा वैताग नंतरचा. "ताई, अहो सहाच राहिले होते!" "चालत गेला असतात तरी मेडल मिळालं असतं." एका काकांनी तर व्हॉइस मेसेज पाठवून मन खंबीर कसं करायचं ते समजावलं. काका, माझं मन ठणठणीत होतं. मेंदू तापला होता.

पळताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिचा जेमतेम पाव हिस्सा पळण्याला लागतो, बाकीची उष्णता. ती बाहेर काढायचा मुख्य मार्ग घाम, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडावा लागतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात माठातलं पाणी गारेगार होतं आणि मुंबईच्या दमट हवेत तोच माठ कोमट राहतो, तसंच हे. अंग निथळतंय म्हणजे गार होतंय असं नाही. आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस भरकटल्यासारखा बोलायला-वागायला लागला की तो उष्माघात. तिथे जिद्द वगैरे काही उरत नाही, कारण थांबायचं की नाही हे ठरवणारा अवयवच कामातून गेलेला असतो. म्हणून मला माझ्या वजाबाकीचे उपकार वाटतात.

'पाणी पीत राहा' हा दुसरा सरसकट सल्ला. तोही सांभाळून घ्या. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, प्रमाणापेक्षा खाली गेलेलं होतं. त्यात रेसभर पाणी ढोसून वजन वाढलेल्यांचा भरणा जास्त. तहानेपुरतं प्या.

आणि हे काय आपल्यासारख्या हौशांचंच दुखणं आहे? दोहाला २०१९ च्या जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन रात्री बाराच्या ठोक्याला सुरू केली, तरी बत्तीस-तेहतीस डिग्री आणि वर भयंकर दमटपणा. ६८ जणी सुटल्या, ४० पोचल्या. इथिओपियाच्या तिघीही बाहेर. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उचलून आठशे किलोमीटर उत्तरेला सापोरोला नेली, तर तिथेही पुरुषांच्या १०६ पैकी ३० जणांनी सोडली. जगातले सर्वोत्तम पाय. त्यांना कुणी व्हॉइस मेसेज पाठवले असतील असं वाटत नाही.

आपल्याकडे ऊन कसं मारतं हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला लोक नुसते बसले होते, पळत नव्हते. तरीही चौदा जण गेले. आणि आता गल्लोगल्ली रेस होतात, मार्चमध्येसुद्धा. पाहुणे वेळेवर येत नाहीत म्हणून सहाची रेस पावणेसातला सुटते आणि भाषणं आटपेपर्यंत धावपटू उन्हात उभे. टी-शर्टचा रंग, मेडलचं वजन यावर पोस्टरभर मजकूर. बर्फ किती आहे, माणूस बुडवता येईल एवढा टब आहे का, हे मी नाव नोंदवताना विचारते तेव्हा समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. अहो, उष्माघाताचा खरा उपाय तोच आहे. अर्ध्या तासाच्या आत बर्फाच्या पाण्यात घालून तापमान खाली आणलं तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. आधी गार करायचं, मग हॉस्पिटलला न्यायचं. अँब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना टबच कामाला येतो.

मी पुन्हा फुल पळणार आहे, नाव टाकलंय. काकांनी काळजी करू नये.

आणि जे मॅरेथॉनच्या रविवारी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला उभे राहतात, त्यांच्याकडे एक मागणं. तुम्ही आहात म्हणून आम्ही पळतो, संत्री-चिक्की आणत जा. पण कुणी झोकांड्या खाताना दिसला तर "कम ऑन, थोडंच राहिलंय!" असं ओरडू नका. थांबवून त्याचं नाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर धड आलं नाही तर त्याला सावलीत बसवा, व्हॉलंटियरला हाक मारा आणि बर्फ मागा. शिव्या दिल्या तरी सोडू नका.