करमाफीची गाजरं आणि ट्रिपिंगचं रजिस्टर

आज पुन्हा तेच भाषण कानावर पडलं. जमीन स्वस्त, मजूर स्वस्त, वर दहा वर्षं करमाफी, मग परदेशी कंपन्या का नाही येणार? टाळ्या पडल्या आणि माझं डोकं फिरलं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

मला दरवेळी एक इंजिनीअर आठवतो. जागा बघायला आलेल्या एका परदेशी कंपनीच्या टीममधला. बाकीची मंडळी सादरीकरण बघत बसली होती. हा उठून थेट सबस्टेशनला गेला आणि म्हणाला, वर्षभराचं ट्रिपिंगचं रजिस्टर, म्हणजे बिघाडामुळे लाइन कधी आणि का आपोआप बंद पडली त्याची नोंदवही, दाखवा. तिथले साहेब छाती फुगवून म्हणाले, "आमच्याकडे लाइट जातच नाही." त्याने डायरीत दोन शब्द लिहिले आणि गाडीत जाऊन बसला.

लाइट जाण्याला तो घाबरत नव्हता, त्यासाठी जनरेटर असतो. त्याला धास्ती होती डिपची, म्हणजे ट्रिप होताना आजूबाजूच्या लाइनींवरही व्होल्टेज क्षणभर खाली येतं त्याची. व्होल्टेज सेकंदाच्या दहाव्या भागापुरतं निम्म्यावर आलं तर घरात बल्ब नुसता लुकलुकतो. कारखान्यात मात्र कॉन्टॅक्टर (मोटरचे विजेवर चालणारे स्विच) सुटतात, मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवून बंद पडतात आणि उत्पादनाची लाइन ठप्प होते. जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. मोल्डिंग मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये पीव्हीसी प्लास्टिक अडकून राहिलं की जळायला लागतं. मग बॅरल साफ करा, पुन्हा तापवा, सुरुवातीचे नग भंगारात टाका. हे एका मशीनचं झालं. जपानमध्ये योक्काइचीला जून २०१९मध्ये मेमरी चिपच्या कारखान्यांची वीज १३ मिनिटं गेली होती. काम पूर्वपदावर यायला जुलैचा मध्य उजाडला. आता सांगा, करमाफी कुठल्या खिशात ठेवायची?

या कंपन्या निवडतात कशा, तेही ऐका. आधी ऑफिसात बसूनच पंधरावीस प्रदेशांची यादी होते. बंदर किती दूर, भाग पुरवणारे आहेत का, नफा मायदेशी नेता येतो का, दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का, तंटा झाला तर निकाल किती वर्षांत लागतो. यातच निम्म्याहून जास्त नावं गळतात. उरलेल्या तीनचार ठिकाणी माणसं येतात. जमिनीच्या मालकीचे कागद, भूगर्भाचा अहवाल, सांडपाणी कुठे सोडायचं, चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर त्या वळणावर वळतो का, दोन वेगळ्या सबस्टेशनवरून फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, मिळेल का. सवलतींचं बोलणं निघतं सगळ्यात शेवटी, दोन जागा उरल्यावर. आणि आपले वक्ते सुरुवातच तिथून करतात!

बरं, दोन जागा अगदी तोलामोलाच्या असतील तर करमाफीने पारडं झुकतं. मान्य. पण आधी शेवटच्या दोनात यावं लागतं ना.

त्यातही मोठ्या कंपन्यांनी कुठल्याही देशात नफ्यावर निदान १५ टक्के कर भरावा, या जागतिक किमान कराचं तत्त्व २०२१मध्ये शंभराहून अधिक देशांनी मान्य केलंय आणि २०२४पासून अनेक देशांत तो लागू झालाय. वर्षाला ७५ कोटी युरो किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या समूहांना तो लागतो. म्हणजे तुम्ही पूर्ण कर माफ केलात आणि कंपनीच्या मायदेशाने हा कर लागू केलेला असेल, तर बराचसा फरक तिथलं सरकार वसूल करू शकतं. दान तुमचं, पावती त्यांची. हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

कस्टम्सची गंमत वेगळीच. "सरासरी पाच दिवसांत माल सुटतो" असं अभिमानाने सांगतात. सरासरी घेऊन काय करू? कधी तीन दिवस, कधी बारा, असं असेल तर कारखान्याला साठा बाराचा धरावा लागतो. रोज दोन हजार नग लागत असतील तर पाच दिवसांचे दहा हजार पुरले असते, तिथे चोवीस हजार पडून राहतात. त्यात अडकलेले पैसे, गोदामाचं भाडं, विमा. त्यापेक्षा कायम सात दिवस लागणारं बंदर परवडतं.

मलेशियातल्या पेनांगचं बघा. १९६९मध्ये तिथल्या बंदराचा मुक्त बंदराचा दर्जा गेला, बेकारी वाढलेली. लिम चोंग यू मुख्यमंत्री झाले, विकास महामंडळ काढलं आणि १९७२मध्ये बायान लेपासला मुक्त व्यापार क्षेत्र उभं राहिलं. चिप बनवणाऱ्या इंटेलने अमेरिकेबाहेरचा पहिला कारखाना तिथेच टाकला. सवलती होत्याच, नाही कोण म्हणतंय? पण कंपन्या टिकल्या कशाने? आजूबाजूला साचे बनवणारे, सुटे भाग घडवणारे स्थानिक कारखाने वाढले. १९८९मध्ये कौशल्य केंद्र निघालं, तिथे काय शिकवायचं ते कारखानेच ठरवत. बिघडलेली डाय (साचा) दुरुस्तीला समुद्रापार पाठवायची आणि तासाभराच्या अंतरावर पाठवायची, यातला फरक करमाफीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

कुणीतरी म्हणेलच, कंपन्या येतात तशा जातातही. जातात. इंटेलने २०१४मध्ये मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकातलं उत्पादन हलवलं, सुमारे पंधराशे नोकऱ्या गेल्या. पण तोवर हात शिकलेले होते, पुरवठादार तयार होते. आज त्या देशाच्या निर्यातीत वैद्यकीय उपकरणं सगळ्यात पुढे आहेत. तिथे लोकांनी खरंच कष्टाने उभं केलंय हे, त्यांच्यावर रागवायचं काहीच कारण नाही. माझा राग भाषणांवर आहे.

आता त्या इंजिनीअरचं राहिलेलं. पुढच्या जागी त्याला रजिस्टर मिळालं. वर्षात एकतीस ट्रिप. प्रत्येकापुढे वेळ, फीडर, कारण आणि केलेलं काम लिहिलेलं: फांदी लागली, छाटली, इन्सुलेटर फुटला, बदलला, रिलेचं (बिघाड ओळखून लाइन तोडणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग चुकलं, सुधारलं. पावसाळ्यानंतर आकडा उतरलेला दिसत होता. त्याने सगळ्या पानांचे फोटो काढले. कारखाना तिथे गेला.

आजच्या वक्त्यांकडे असं एखादं पान असेल तर टाका इथे. मी पोस्ट काढून टाकतो.